आठाच्या आत दोलन नाही

प्रबंधासाठी मी निवडलेले प्रारूप कागदावर अगदी साधे होते: जनुकापासून आरएनए, आरएनएपासून विकर (एन्झाइम), विकराने घडवलेले चयापचयी उत्पादन, आणि ते साठले की त्याच जनुकाचे दमन. ब्रायन गुडविन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या या साखळीची तीन विकलक समीकरणे संगणकावर चढवायला मला एक दुपार पुरली. पुढचे दोन महिने मात्र टिकणारे दोलन, म्हणजे प्रमाणाची न थांबणारी चढउतार, काही मिळेना.

चार-पाच लाटा उठत, प्रत्येक लाट आधीच्या लाटेहून बुटकी असे आणि अखेर रेषा सपाट होई. दमनाचा हिल घातांक, म्हणजे उत्पादन वाढताना दमन किती झपाट्याने लागू होते ते सांगणारा आकडा, मी २ वरून ४ वर नेला, दर बदलले, प्राचलांचे (समीकरणांतल्या ठरवून द्यायच्या आकड्यांचे) हजारो संच रात्र रात्र चालवले. विचारावे त्याच्याकडून ‘आणखी प्राचले तपासा’ एवढेच उत्तर मिळे, आणि त्याचा राग अजून ओसरलेला नाही, कारण मी शोधत होतो ते तिथे असणे शक्यच नव्हते. दोलन टिकायचे तर तीन टप्प्यांनी मिळून लाट अर्ध्या आवर्तनाने, म्हणजे १८० अंशांनी, मागे पडावी लागते. तिन्ही ऱ्हासदर, म्हणजे तिन्ही घटक नष्ट होण्याचे वेग, समान धरले तर प्रत्येक टप्प्याच्या वाट्याला ६० अंश येतात, आणि तेवढा मागे पडणारा टप्पा लाटेची उंची निम्मी करतो. तीनदा निम्मे केले की उरतो एक अष्टमांश. ही घट दमनाने भरून काढायची, पण दमनातून मिळणारी वाढ नेहमी घातांकाहून थोडी कमीच भरते, म्हणून घातांक ८ पेक्षा मोठाच हवा. दर असमान असतील तर अट आणखी कडक होते. वहीच्या एका पानात मावणारे हे गणित ग्रिफिथ यांनी १९६८ मध्येच प्रसिद्ध केले होते. प्राचलांच्या मागे लागण्यापूर्वी ते पान स्वतः सोडवावे.

एवढा मोठा घातांक खऱ्या दमनकारी प्रथिनाबाबत पटण्यासारखा नसल्याने मी रेषीय ऱ्हासाच्या (प्रमाणाच्या पटीत वाढणाऱ्या) जागी मायकेलिस-मेंटेन पद्धतीचा, संपृक्त होणारा, म्हणजे प्रमाण कितीही वाढले तरी एका कमाल वेगापुढे न जाणारा ऱ्हास घातला, आणि घातांक ४ असतानाच लाटा टिकल्या. दोन अगदी वेगळ्या आरंभस्थिती देऊन पाहिल्या, तर दोन्ही वक्र त्याच चक्रावर येऊन स्थिरावले. त्या दिवशी मी दुसरे काहीही केले नाही.

एक गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती. पहिल्याच आठवड्यात मला एक सुरेख दोलन ‘सापडले’ होते आणि ते मी अभिमानाने छापूनही ठेवले होते. समीकरणे छोट्या छोट्या काळाच्या पायऱ्यांनी सोडवणाऱ्या ऑयलर पद्धतीतली कालपायरी दहापट लहान करताच ते नाहीसे झाले; ते दोलन प्रारूपाचे नव्हते, मोठ्या पायरीच्या चुकीचे होते.