लेकॉकची खिडकी

लंडनच्या पॅडिंग्टनहून चिपनम तासा-सव्वा तासावर. तिथून बसने लेकॉक. गाव दगडी, जुनं आणि जरा जास्तच नीटनेटकं. विजेची एक तार दिसेल तर शपथ. तिथे आलेले निम्मे लोक एका जादूगार मुलाच्या सिनेमाचं शूटिंग झालं ते ओवऱ्यांचं अंगण बघायला आले होते. मी आले होते एका खिडकीसाठी.

माझ्या मामाचा सांगलीला फोटो स्टुडिओ होता. मागच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा, तीन ट्रे आणि नाकात बसणारा हायपो नावाच्या रसायनाचा वास. लहानपणी वाटायचं, निगेटिव्ह म्हणजे बिघडलेला फोटो. माणसं काळी, केस पांढरे! त्या उलट्या चित्राचा जन्म ज्या घरात झाला, ते हे लेकॉक ॲबी. मुळात तेराव्या शतकातला जोगिणींचा मठ, पुढे टॅल्बट घराण्याचा वाडा.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटला गणित यायचं, रसायनं कळायची, पुढे त्याने अॅसिरियन कीलाक्षरंही वाचली. चित्र मात्र काढता येत नव्हतं. १८३३ मध्ये इटलीत कोमो सरोवराकाठी बायको, कॉन्स्टन्स, झरझर चित्रं काढतेय आणि हा समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दाखवणारं लोलकाचं उपकरण रोखून ते गिरवायला धडपडतोय. लोलकातून डोळा काढला की कागदावर नुसत्या गिचमिड रेघा. तिथेच त्याच्या मनात आलं, की हे दृश्य कागदावर आपलं आपण उमटलं तर? चित्रही ‘काढतात’ आणि फोटोही ‘काढतात’. मराठीचं हे एकच क्रियापद त्याला फार आवडलं असतं.

घरी येऊन त्याने साधा लिहायचा कागद मिठाच्या पाण्यात बुडवला, वाळवला, वर सिल्व्हर नायट्रेट फिरवलं. कागदात सिल्व्हर क्लोराइड तयार होतं आणि उजेड पडेल तिथे काळवंडतं. मग लाकडाच्या वीतभरसुद्धा नसलेल्या पेट्या करून घेतल्या, पुढे भिंग, आत हा कागद, आणि त्या घराभोवती मांडून ठेवायच्या. कॉन्स्टन्स त्यांना ‘उंदरांचे पिंजरे’ म्हणायची. एकेका पिंजऱ्यात चित्र सापडायला बराच वेळ लागे.

दक्षिणेकडच्या लांब दालनात ती खिडकी आहे. भिंतीतून बाहेर आलेली, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान लहान चौकटी काचांची. ऑगस्ट १८३५ मध्ये तिचं जे निगेटिव्ह झालं, ते आज उपलब्ध असलेलं जगातलं सर्वांत जुनं. (सर्वांत जुना फोटो त्याच्याही आधीचा, फ्रान्समधला, नीएप्सचा.) आकार टपाल तिकिटाएवढा. टॅल्बटने त्याच्याजवळ लिहून ठेवलंय, की नवं होतं तेव्हा भिंगातून सुमारे २०० काचा मोजता येत होत्या. मूळ कागद ब्रॅडफर्डच्या संग्रहालयात आहे, त्यामुळे इथे प्रतीवरच समाधान. मी खऱ्या खिडकीच्या काचा मोजायला लागले, सत्तरच्या पुढे घोळ झाला, आणि मागे रांग लागली म्हणून सरकले.

इतकं जमूनही टॅल्बट गप्प बसला. जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसहून बातमी आली, की दागेर नावाच्या माणसालाही उजेडाने चित्र उमटवता आलंय, तेव्हा घाईघाईने त्याने आपलं काम रॉयल सोसायटीपुढे मांडलं. दागेरचं चित्र चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर, आरशासारखं लख्ख. टॅल्बटचं कागदी, जरा धूसर. पण दागेरचा पत्रा एकुलता एक. टॅल्बटच्या एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या कॉप्या. मामाचा संसार त्या कॉप्यांवरच चालला. हायपोही त्याच सुमाराचा. उजेडात चित्र पुढे काळं पडू नये म्हणून तो वापरायची युक्ती टॅल्बटचा मित्र जॉन हर्शेल याची.

१८४१ मध्ये सुधारलेल्या पद्धतीचं, कॅलोटाइपचं, त्याने पेटंट घेतलं आणि इंग्लंडात पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. मला त्यांचा राग समजतो. पण त्या कागदाने लांबचा पल्ला गाठला. १८५५ मध्ये मुंबई तोफखान्यातल्या कॅप्टन बिग्जने विजापूर, बदामी, ऐहोळच्या इमारती कागदी निगेटिव्हवरच टिपल्या. विजापूर म्हणजे सांगलीकरांना काय लांब? त्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला होता.

दारातल्या जुन्या कोठारात संग्रहालय आहे. तिथल्या बाकावर बसून मामाला खिडकीचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन.

“अगं, उजेडाच्या तोंडावर कोण फोटो काढतं? पट्ट्या सगळ्या काळ्या ठिक्कर!”

“मामा, त्याने पण असाच काढला होता.”

“त्याच्या पट्ट्या पांढऱ्या आल्या असतील,” मामा म्हणाला. “निगेटिव्ह ना ते.”

मी परत जाऊन प्रत पाहिली. पांढऱ्याच होत्या.