पुण्यातला सर्व्हर, सातासमुद्रापलीकडचा वाचक

माझे संकेतस्थळ कोथरूडमधील घरी ठेवलेल्या एका लहान सर्व्हरवरून चालते. पुण्यातल्या वाचकाला ते चटकन उघडते. कॅलिफोर्नियातल्या मराठी वाचकाला मात्र ताटकळावे लागते, आणि त्याचे कारण सर्व्हरच्या ताकदीत नसून अंतरात आहे.

ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर धरले, तरी जाऊन-येऊन एका फेरीला किमान १३५ मिलिसेकंद लागतात. समुद्राखालच्या केबल वळणे घेत जात असल्याने प्रत्यक्षात बरेच अधिक. पानाचे पहिले अक्षर हाती येण्याआधी सर्व्हरशी संपर्क जोडणाऱ्या टीसीपीची एक, संवाद सुरक्षित करणाऱ्या टीएलएस १.३ ची एक आणि मागणीची एक, अशा तीन फेऱ्या होतात; जुने टीएलएस १.२ असेल तर चौथीही. म्हणून सर्व्हरमध्ये रॅम वाढवण्यापूर्वी हे हेलपाटे मोजावेत, असे माझे ठाम मत आहे.

खरा उपाय म्हणजे सीडीएन, म्हणजेच पानाची प्रत वाचकाच्या जवळ ठेवणारे, ठिकठिकाणी पसरलेल्या सर्व्हरचे जाळे. पुष्कळदा त्यावर केवळ चित्रे सोपवली जातात आणि एचटीएमएल, म्हणजे मजकुरासह पानाचा सांगाडा, दर वेळी घरूनच मागवले जाते, म्हणजे टाळायच्या फेऱ्या तशाच राहतात. प्रसिद्ध झालेला लेख क्वचितच बदलतो. तेव्हा एचटीएमएलही कॅशे करावे, म्हणजे त्याची प्रत सीडीएनवर साठवावी, ती किती काळ वापरायची हे सांगणारे 'एस-मॅक्सएज' मोठे ठेवावे आणि दुरुस्ती केली की जुनी प्रत काढून टाकावी. मूळ सर्व्हर बंद पडल्यास जुनी प्रत द्या, ही 'स्टेल-इफ-एरर' सूचना सीडीएन पाळत असेल, तर घरची वीज गेली तरी वाचकाला लेख मिळत राहतो.

मराठीपुरता विचार केला तर मजकुराचे ओझे फारसे नसते. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, पण त्यांतला पहिला बाइट सर्वत्र एकच आणि दुसरा दोनांपैकी एक असल्याने ब्रॉटली ही मजकूर आवळण्याची पद्धत ते छान आवळते. जड असतो तो फॉन्ट, कारण युनिकोड या सर्व लिप्यांच्या चिन्हयादीतील देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा असल्या, तरी जोडाक्षरांसाठी फॉन्टमध्ये शेकडो आकार लागतात. तो डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठी आवळलेल्या स्वरूपात, आपल्याच डोमेनवरून द्यावा. दुसऱ्या डोमेनवरून मागवला की जोडणीच्या फेऱ्या नव्याने सुरू होतात. पानाच्या सजावटीच्या सूचनांत (सीएसएस) 'फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप' लिहिल्यास तो येईपर्यंत वाचकाच्या यंत्रातील फॉन्टमध्ये मजकूर दिसतो.

फॉन्ट हलका करण्यासाठी अक्षरे छाटण्याचा मोह मात्र आवरावा. हिंदी मजकुरावरून यादी केली तर 'ऱ' आणि 'ॲ' सहज गळतात, आणि जोडाक्षरांचे नियम काढले तर हलन्त चिन्हे उघडी पडतात. त्यापेक्षा चार जाडींऐवजी दोनच ठेवाव्यात, आणि छाटणी केलीच तर 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'ॲप', 'ज्ञानेश्वर', 'कृष्ण' हे शब्द त्या फॉन्टमध्ये डोळ्यांनी तपासूनच तो सर्व्हरवर चढवावा.