आमची वाटचाल : गोधडी आणि ती शिवणाऱ्या बायका

पुण्यातल्या धायरीत आमच्या कारखान्यात यंत्रं नाहीत. दोन मोठ्या खोल्या, सतरंज्या आणि टाके घालत बसलेल्या बायका. बहुतेकींचं मूळ गाव मराठवाड्यात नाहीतर सोलापूरकडे. लुगड्याचे थर कसे लावायचे, कडेपासून धावदोरा घालत चौकोनाचौकोनाने मध्यावर कसं यायचं, हे त्या माहेराहून शिकून आल्या. आम्ही गिऱ्हाईक शोधलं.

‘हा धंदा की समाजसेवा?’ असं लोक विचारतात. पुण्यात तरी ही फारकत मला पटत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी काढलेली शाळा, शारदा सदन, पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात बायकांना शिकवणारं सेवासदन सुरू झालं, तिथेही लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकाम होतं. बाईला स्वतःच्या पायावर उभं करायचं तर हाताला काम हवं, हे या बायकांनी ओळखलं होतं.

शारदा सदन निघालं त्याच वर्षी, १८८९ मध्ये, अमेरिकेत शिकागोला जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार या समाजसेविकांनी हल हाउस हे गरीब वस्तीतलं सेवाकेंद्र उघडलं. भोवती युरोपातून आलेली गरीब कुटुंबं राहत. कारखान्यात जाणाऱ्या मुलांना आईबापांच्या खेडवळपणाची लाज वाटे. म्हणून १९०० मध्ये तिथे लेबर म्युझियम, म्हणजे हातकामाचं संग्रहालय, निघालं. त्याच आया-आज्या चातीवर सूत कातून दाखवू लागल्या आणि मुलांना आईची कारागिरी दिसली.

हे वाचलं तेव्हा आमच्याच खोल्या डोळ्यांसमोर आल्या. आई गोधड्या शिवते, हे शाळेत सांगायला इथल्या मुलीही कचरत. आता मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलांना बोलावतो; आया शिकवतात, मुलं टाके घालतात. प्रत्येक गोधडीवर शिवणारीचं नाव असतं. मजुरी गोधडीचा आकार आणि टाक्यांची दाटी बघून ठरते, आणि ती ठरवताना बायका समोर असतात. गिऱ्हाईकाने दया म्हणून घेऊ नये, उबेसाठी आणि देखणेपणासाठी घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. कीव करून घेतलेली गोधडी पुन्हा कोणी मागवत नाही.

सध्या आजीची नऊवारी आणून देणारी घरं वाढली आहेत. मऊ झालेल्या त्या सुती कापडाची बाळासाठी दुपटी फार सुरेख होतात. यंदापासून त्यांचं काम वेगळं काढलं आहे, आणि नव्या मुलींना ते शिकवणाऱ्या बाईंना शिकवण्याचे पैसे वेगळे दिले जातात.