थोरल्या आजोबांची पलटण

थोरले आजोबा बर्माच्या लढाईत होते, असं आमच्या घरात सगळे छातीठोकपणे सांगायचे. त्यांची पत्रं मात्र कुणी धड वाचली नव्हती, कारण निम्मी मोडीत. मोडी येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी ती बाळबोधीत उतरवून दिली तेव्हा आधी निराशाच झाली. लढाईबद्दल अवाक्षर नाही. बैलाचं काय केलंत, मनीऑर्डर पावली का, धाकट्याला शाळेतून काढू नका. सेन्सॉरच्या हातून जाणाऱ्या पत्रात दुसरं येणार तरी काय म्हणा!

मग मजकूर बाजूला ठेवून पत्ते बघायला लागलो. पाठवणाऱ्याचं नाव, शिपाई नंबर, १/५ मराठा लाइट इन्फंट्री (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण) आणि शेवटी तीन अक्षरं. १९४३च्या पत्रांवर एम.ई.एफ., म्हणजे मिडल ईस्ट फोर्सेस. १९४४च्या पत्रांवर सी.एम.एफ., म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स. बर्मा कुठला, आजोबा इटलीत होते! ‘इकडे द्राक्षाचे वेल पुष्कळ, पण थंडी सोसवत नाही’ या ओळीचा उलगडा तेव्हा झाला.

१९४३च्या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मात्र एकही पत्र नव्हतं. ही पलटण आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती आणि नोव्हेंबर १९४३मध्ये ती डिव्हिजन इटलीतल्या सांग्रो नदीवर लढत होती. पलटणींच्या युद्धकाळातल्या रोजनिशा लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे ब्रिटिश युद्धखातं) १६९ ही मालिका मध्यपूर्वेची, १७० इटलीची. पण १९४३ शोधताना दोन्ही चाळा. प्रती विकत मिळतात, त्यामुळे पानं किती ते आधी विचारून घ्यावं. रोजनिशीत अधिकाऱ्यांची नावं येतात. जवानांचे सहसा आकडेच, मेले किती, जखमी किती.

ते आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. मोडीतली सगळी पत्रं त्या बिनपत्रांच्या महिन्यांच्या आधीची होती आणि बाळबोधीतली सगळी नंतरची. आजोबांना सहीपुरतंच लिहिता यायचं. म्हणजे त्यांची पत्रं लिहून देणारा माणूस मध्येच बदलला. पहिला कंपनीतला कुणी सोबती असावा. ‘लिहिणाराचा रामराम’ असं तो प्रत्येक पत्राच्या तळाशी न चुकता घालायचा, स्वतःचं नाव मात्र नाही. त्याची दुसरीकडे बदली झाली असेल, दवाखान्यात गेला असेल, किंवा तिथेच राहिला असेल.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर पलटण आणि तारखा टाकून मृतांची नावं काढता येतात. सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. त्यातली आमच्या पलटणीची नावं उतरवून घेतली आहेत. काहींपुढे गावही दिलेलं आहे. एक गाव आमच्या तालुक्यातलं निघालं. घरी मोडीत लिहिलेलं एखादं पत्र आहे का, हे त्या कुटुंबाला विचारायचं आहे. अक्षर जुळवून बघता येईल.

आजोबांच्या नोंदीसाठी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केलाय. लिफाफ्यावरचा शिपाई नंबर त्यात सगळ्यात वर लिहिला. एकाच नावाचे जवान ढिगाने असतात, नंबर एकाचाच.