आई, गाडी विचार करून राहिली आहे

नागपूरला येऊन आठ दिवस झाले. आमच्या गल्लीत जो भेटतो तो एकच विचारतो, "तिकडे खरंच बिनाड्रायव्हरच्या गाड्या फिरून राहिल्या का?" फिरून राहिल्या. मी राहते त्या अमेरिकेतल्या फिनिक्स परिसरात ऑक्टोबर 2020 पासून 'वेमो' कंपनीची अशी टॅक्सी कुणीही बोलावू शकतं. ऊन तर अगदी आपल्या मे महिन्यासारखं, त्यामुळे नागपूरकराला ते गाव परकं वाटत नाही. रस्त्यांवरची वागणूक मात्र फार वेगळी.

मागच्या हिवाळ्यात आई आली होती, तिला त्या टॅक्सीत बसवलं. स्टिअरिंग आपोआप फिरायला लागलं तसा तिने माझा हात घट्ट धरला. एका चौकात डावीकडे वळायचं होतं. तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणजे हे आपल्याकडच्या उजव्या वळणासारखं, समोरून येणाऱ्यांना आडवं जाऊन घ्यायचं. सिग्नल हिरवा होता, पण वळणाऱ्यांसाठी वेगळा बाण नव्हता. गाडी चौकात जराशी पुढे सरकून थांबली. समोरून एक पिकअप इंडिकेटर देत, वेग कमी करत येत होता. आई म्हणाली, "अगं, तो वळून राहिला, निघ ना आता!" गाडी हलली नाही. पिकअप सरळ निघून गेला, इंडिकेटर तसाच लुकलुकत.

घरी आल्यावर आईने विचारलं, "तिला कसं कळलं गं?"

खरं सांगायचं तर, कळलं नव्हतं. कॅमेरे, रडार आणि लेझरने अंतर मोजणारं लायडार यांतून अशा गाडीला आजूबाजूचं सगळं दिसतं. पण दिसणं वेगळं आणि समोरचा पुढे काय करेल हे ओळखणं वेगळं. त्यासाठी ती प्रत्येक वाहनाची, प्रत्येक पादचाऱ्याची दोन-चार भविष्यं मांडते. पिकअप वळेल ही शक्यता मोठी, सरळ येईल ही लहान. मग स्वतःपुढचे पर्याय तपासते: आत्ता वळावं, थांबावं, की थोडं पुढे सरकावं? टक्कर होण्याचा धोका, वाहतुकीचे नियम, प्रवाशाला बसणारा हिसका, वाया जाणारा वेळ, सगळ्याचा हिशेब होतो. त्यात टक्करीचं वजन इतकं जास्त, की ती लहान शक्यताही थांबायला पुरते. आणि हा हिशेब सेकंदातून कितीतरी वेळा नव्याने होतो. म्हणून पिकअप गेल्या गेल्या गाडी वळली.

पूर्वी हे बरंचसं हाताने लिहिलेल्या नियमांवर चालायचं. 2007 मध्ये अमेरिकेच्या 'डार्पा' या संरक्षण संशोधन संस्थेने अशा गाड्यांची शहरी रस्त्यांसारख्या मार्गावर स्पर्धा घेतली. ती जिंकलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'बॉस' ही गाडी साधारण अशीच विचार करायची: चौक आला तर हे कर, पुढचा रस्ता अडला तर ते कर. आता माणसांच्या ड्रायव्हिंगच्या प्रचंड नोंदींवरून गाडी शिकते.

तरी एक गाठ सुटायला कठीणच आहे. सगळ्यांच्या सगळ्या शक्यतांना घाबरलं तर यंत्र जागचं हलतच नाही. संशोधकांनी या अडचणीला 'थिजलेला रोबोट' असंच नाव दिलंय. त्यावर एक उपाय असा: आपण पुढे सरकलो की समोरचाही आपल्याकडे बघून वेग बदलतो, हे धरून चालणं. चौकात ती गाडी इंचभर सरकली ती यासाठीही, "मला वळायचंय" हे समोरच्याला दिसावं म्हणून.

सीताबर्डीत हे लहान पोरालाही येतं, असं मला फार मनापासून वाटतं. व्हरायटी चौकात संध्याकाळी लेन कुठे सुरू होते ते कळत नाही, पण चाकाचा कल, हॉर्नचा सूर, हवेत उचललेला हात, सगळं वाचत हजारो माणसं घरी पोचतात. त्या गाडीला इथे आणायचं तर ही भाषा पहिल्यापासून शिकवावी लागेल.

परवा आईच्या ॲक्टिव्हावर मागे बसून शंकरनगरकडे जात होते. पुढे एक ऑटो सरळ चालला होता, इंडिकेटर नाही, काही नाही. आईने उगाच वेग कमी केला. दुसऱ्या क्षणी ऑटो कचकन डावीकडे घुसला. फुटपाथवर एक सवारी उभी होती.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"त्याची मान वळली होती ना," आई म्हणाली आणि तिने पुन्हा रेस दिली.