एकाच केबलवर ऐकलेला पियानो

शनिवार, रात्री उशिरा

मागच्या कार्यक्रमातलं चौथं गाणं अजून डोक्यातून जात नाही. ड्रमरने काठ्यांवर चार मोजले, मी कीबोर्डवर ब्रासचा पॅच, म्हणजे ट्रम्पेटसारख्या वाद्यांचा साठवून ठेवलेला आवाज, लावला, सूर दाबला आणि बाहेर आलं ते भलतंच काहीतरी, घंटीसारखं. पहिली तीन गाणी मूळच्या पियानोवर निभावली होती, त्यामुळे तोवर काही कळलंच नव्हतं. दुपारी साउंडचेकला सगळं शाबूत होतं. मध्ये दोन तास मॉड्यूल, म्हणजे कीबोर्डला आवाज पुरवणारा डबा, बंद ठेवलं, तेवढ्यात आतल्या बॅटरीने दम तोडला आणि दोन वर्षं बसून बनवलेले पॅच एका झटक्यात पुसले गेले. गाणं मी पियानोवरच रेटून नेलं. गिटारिस्टने ब्रासची ओळ स्वतःहून गिटारवर घेतली, त्याचे उपकार आहेत.

त्या मॉड्यूलचं व्हॉल्यूमचं बटणही हल्ली खरखरायला लागलंय. दुसरं घ्यायचं, जुनंच घ्यायचं, हे आज सगळ्यांनी मिळून ठरवलं. अशी रॅक मॉड्यूल्स आता फारशी बनत नाहीत, आणि स्टेजवर लॅपटॉप ठेवायची माझी तयारी नाही. चालू केलं की काही सेकंदांत वाजायला तयार, एवढं एक सुख मला सोडवत नाही.

रविवार

सकाळी मॉड्यूल्सची माहिती वाचायच्या आधी आमच्या गाण्यांची यादी घेऊन बसले. एकूण ४२ गाणी. प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहिली: ऐकणाऱ्याला कीबोर्डचं इथे नेमकं काय आठवतं? दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये हाच प्रश्न खरा. सुरुवातीचे दोन सूर कानावर पडले की समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटली पाहिजे. ती नाही उमटली, तर पुढे कितीही सफाईने वाजवा, गाणं हातातून निसटलेलंच असतं.

यादीतून निघालं ते असं: पियानो सगळ्यात जास्त, मग इलेक्ट्रिक पियानो आणि ऑर्गन. ब्रास सहा गाण्यांत, पण त्या सहाही ठिकाणी अगदी उघडा. स्ट्रिंग्ज आणि पॅड जागोजागी, पण ते मागे असतात, तिथे उन्नीस-बीस चालून जातं. म्हणजे हजार-बाराशे आवाजांची यादी बघून हरखण्यात अर्थ नाही. मला सात-आठच आवाज हवेत, पण ते पक्के हवेत.

संध्याकाळी पहिलं मॉड्यूल बघून आले. आवाज सुरेख होता, पण डायल एक घर फिरवलं की कधी तीन पॅच पुढे जायचं, कधी एक मागे. दोन गाण्यांच्या मधल्या अंधारात असा डायल घेऊन मी काय करणार? नको म्हणून सांगितलं.

मंगळवार

आज एकाच ठिकाणी तीन ऐकायला मिळाली: रोलँडची जेव्ही-१०८० आणि जेव्ही-२०८०, आणि ई-म्यूचं प्रोटियस २०००. विकणारे काका स्वतः वाजवणारे. त्यांनी हेडफोन पुढे केला, पण मी म्हणाले, "काका, स्पीकर आहे का? आणि एकच केबल द्या."

कारण साधं आहे. बहुतेक ठिकाणी आमचा आवाज मोनोतच, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून एकाच वाटेने, जातो. हेडफोनमध्ये डावीकडून उजवीकडे पसरलेला पियानो ऐकला की जीव सुखावतो, पण त्या दोन बाजू वेगवेगळ्या माइकने घेतलेल्या असतात. त्या एकत्र मिसळल्या की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि पियानो पोकळ, डब्यात बसून वाजवल्यासारखा होतो. म्हणून फक्त डाव्या, मोनो लिहिलेल्या जॅकमध्ये केबल लावायची आणि मगच ऐकायचं. आजही दोन-तीन पियानो असे गळाले. मोनोत टिकले ते थोडे कोरडे, थोडे कडक पियानो. एकट्याने ऐकताना त्यांच्याकडे माझं लक्षही गेलं नसतं.

दुसरी परीक्षा व्हॉइसची, म्हणजे यंत्र एका वेळी किती आवाज काढू शकतं त्याची. १०८० हे १९९४ चं, २०८० हे १९९७ चं, दोन्हींत ६४ व्हॉइस. प्रोटियस १९९९ चं, त्यात १२८. नुसते आकडे पाहिले तर प्रोटियसच घ्यावं. पण ६४ व्हॉइस म्हणजे ६४ सूर नव्हेत. जेव्हीमध्ये एका पॅचमध्ये चारपर्यंत टोन, म्हणजे आवाजाचे थर, असतात आणि प्रत्येक टोन स्वतःचा व्हॉइस खातो. दोन टोनांचा पियानो आणि चार टोनांची स्ट्रिंग्ज एकावर एक ठेवली की एका सुराला सहा व्हॉइस लागतात. ६४ भागिले ६, म्हणजे जेमतेम दहा सूर. सस्टेन पेडल दाबून दुसरा कॉर्ड घेतला की पहिल्या कॉर्डचे सूर गपकन तुटायला लागतात.

हे मी मुद्दाम करून पाहिलं. पेडल दाबून ठेवलं, खालचा 'सा' धरला आणि वर कॉर्ड बदलत गेले. तिसऱ्या कॉर्डला 'सा' नाहीसा झाला. मग परफॉर्मन्समध्ये, म्हणजे अनेक पॅच एकत्र वाजवायच्या मांडणीत, पियानोच्या भागाला व्हॉइस राखून ठेवले, स्ट्रिंग्जचे दोन टोन बंद केले आणि पुन्हा वाजवलं. 'सा' शेवटपर्यंत राहिला. स्ट्रिंग्ज थोड्या बारीक झाल्या खऱ्या, पण बँडमध्ये त्या तशाच हव्यात. ड्रम आणि दोन गिटारींमागे भरगच्च स्ट्रिंग्जचा नुसता गाळ होतो.

म्हणजे व्हॉइसची तंगी सांभाळून घेता येते. इफेक्टची येत नाही, आणि सगळा निर्णय शेवटी तिथेच झाला. ऑर्गनचा अर्धा जीव त्या गरगरणाऱ्या इफेक्टमध्ये असतो, इलेक्ट्रिक पियानोचा आवाज डोलवणाऱ्या फेझरमध्ये. १०८० मध्ये पॅच एकटा वाजवला तर सगळं जागच्या जागी. पण डाव्या हाताला ऑर्गन, उजव्याला इलेक्ट्रिक पियानो असा स्प्लिट केला की रिव्हर्ब आणि कोरस सोडून मुख्य इफेक्ट एकच उरतो. एकाला दिला की दुसरा उघडा पडतो. २०८० मध्ये असे तीन स्वतंत्र इफेक्ट एका वेळी चालतात. स्प्लिट केला, ऑर्गन फिरत राहिला, इलेक्ट्रिक पियानो डोलत राहिला. काका काही बोलले नाहीत, नुसते हसले.

या २०८० मध्ये आठपैकी दोन खाचांत जादा आवाजांची कार्ड बसवलेली आहेत, त्यातलं एक साठ-सत्तरच्या दशकांतल्या कीबोर्डांचं. आमच्या निम्म्या यादीला तेच लागतं. कार्ड खरंच आत आहेत का, ते स्क्रीनवर बघून घेतलं. मागची पट्टी टॉर्च लावून वाचली, कारण जपानमध्ये विकायला बनवलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं आणि ते २३० वर लावलं की संपलंच. सगळ्या आउटपुट जॅकमध्ये केबल घालून हलवून पाहिली. फ्रेज प्रिव्ह्यू मात्र मी दाबलाच नाही. त्यात यंत्र स्वतःच एखादी मस्त ओळ वाजवून दाखवतं, आणि मला माझ्या हातांत ते कसं वाजतं तेवढंच ऐकायचं होतं.

काका म्हणाले, "एक दिवस घेऊन जा, तालमीत वाजवून बघ. नाही आवडलं तर परत आण."

बुधवार

तालीम झाली. दुसऱ्याच गाण्यात बासिस्ट थांबला. "छान आहे गं, पण तुझा डावा हात माझ्या अंगावर येतोय." बरोबर होतं त्याचं. काल एकटीला भारदस्त वाटलेला पियानो खालच्या पट्टीत त्याच्या बासवर बसत होता. डावा हात एक सप्तक वर घेतला, मिक्सरवर खालचा भाग कापला. पियानो एकदम लहान झाल्यासारखा वाटला आणि तरी आधीपेक्षा स्वच्छ ऐकू यायला लागला.

मग ब्रासचं ते गाणं घेतलं. पॅच मूळचाच, फक्त ॲटॅक, म्हणजे सुराची सुरुवात, थोडा तीक्ष्ण केलेला. चार मोजले, मी सूर दाबला, आणि गाणारीने वळून माझ्याकडे बघितलं. घरी येतानाच काकांना फोन करून घेते म्हणून सांगितलं.

आता रात्रीचे साडेअकरा. आतली बॅटरी किती जुनी आहे ते काकांनाही आठवत नाही, म्हणून ती उद्याच बदलून घ्यायची. पण आधी आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतेय. वाद्य आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या मिडीच्या केबलमधून सेकंदाला तीन हजारांच्या आसपास बाइट येतात, १९८३ पासून तोच वेग. स्क्रीनवरची पट्टी सावकाश सरकतेय. दोन ठिकाणी कॉपी ठेवल्याशिवाय मी झाकणाचा स्क्रू काढणार नाही.