तेवढा दोरा ओवून दे

दोरा तोंडात घालून ओला करणारी माणसं मला मनापासून आवडत नाहीत. दातांनी तोडणारी तर त्याहून नाहीत. परवा भर दुपारी अजिंक्यतारा ढगात गेला, घरात दिवे लावायची पाळी आली, आणि बायको खिडकीशी उभी राहून दोऱ्याचं टोक चोखत होती. सुती दोरा ओला झाला की फुगतो. फुगलेलं टोक नेढ्याशी जाऊन विस्कटतं, मग पुन्हा चोखायचं. ओलं करायचंच तर नेढं करावं, बोटावरच्या थेंबभर पाण्यानं. दोरा सहज आत जातो. हे मी सांगितलं.

"मग तुम्हीच शिवा की."

मोती चौकाजवळच्या एका बोळात काजं-बटणं करणारे एक म्हातारे मामा बसायचे. त्यांचे हात बघत उभं राहायला मला फार आवडायचं. कात्रीनं दोरा तिरपा कापायचा. टोक चिमटीत असं धरायचं की बाहेर नुसता ठिपका दिसावा. मग सुई आणून त्या ठिपक्यावर टेकवायची. दोरा जागचा हलत नाही, सुईच त्याच्याकडे येते. नाहीच गेला तर सुई फिरवून दुसरी बाजू समोर घ्यायची. नेढं ठोकून पाडलेलं असतं, एखादी बाजू जास्त साफ निघते. आणि सुई घेताना नंबर बघावा. हातसुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, मशीनच्या सुईचा वाढला की जाड. कुणी ठरवलं हे, देव जाणे. बाईचं तोंड छापलेलं ते पत्र्याचं ओवणंही मिळतं, पण त्याची तार निखळते, आणि ऐनवेळी ते डब्यात सापडत नाही.

आज्जीला यातलं काहीच लागायचं नाही, तिला मी होतो. कोरेगावला तिच्या सोप्यात दुपारी वाकळ पसरलेली असायची. जुन्या लुगड्यांचे थर, वर धावदोऱ्याच्या रांगा. मी गोट्या घेऊन उंबऱ्यापर्यंत पोचलो की हाक. "आरं, तेवढा दोरा ववून दे." पुन्हा हाक येऊ नये म्हणून मी दोरा घ्यायचो तो या खांबापासून त्या खांबापर्यंत. "ह्यो दोरा हाय का बैलाचा कासरा?" म्हणत ती तो निम्म्यात तोडायची. दातांनीच. (तिला माफ.) लांब दोऱ्याला पीळ चढतो, गाठी पडतात. उरलेला निम्मा बाजूला ठेवायची, म्हणजे तोही मलाच ओवायला.

सुई हातभर लांब, उजेडाकडे धरून ती डोळे बारीक करायची, ते मला नाटक वाटायचं. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. जवळचं दिसेना की वस्तू लांब न्यायची, आणखी लांब न्यायची, आणि मग हात पुरत नाही. माझा हल्ली पुरत नाही.

पण नेढं न दिसणाऱ्या त्या बाईचे टाके बघा, एक ओळ सोडत नाहीत. शिवताना ती वाकळीकडे बघतच नसे. एक बोट खालून चाचपत पुढं सरकायचं आणि तोंडानं अख्ख्या आळीचा समाचार चालू. डोळे लागायचे ते फक्त ओवण्यापुरते.

ती वाकळ अजून आहे. भिजवली की दोघांना उचलत नाही, आणि या दिवसांत वाळायचं तर नावच नको. माळ्यावर टाकलीय. बघू दिवाळीला.